हाड अडकलंय का?

कुत्रा खोकायला लागला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘याच्या घशात काहीतरी अडकलंय.’ मग मोबाइलचा टॉर्च लागतो, एकजण जबडा उघडून धरतो, दुसरा आत डोकावतो आणि तिसरा काल रात्री याला चिकनचं हाड कुणी घातलं याची चौकशी सुरू करतो. असं वाटणं साहजिक आहे, कारण कुत्र्याचा कोरडा खोकला दिसायला खोकल्यासारखा नसतोच. कुत्रा चारी पाय फाकवून उभा राहतो, मान पुढे ताणतो, पाठ वाकवतो, बदक ओरडावं तसा पोकळ, घोगरा आवाज चार-सहा वेळा काढतो आणि शेवटी ‘ख्याक्’ करून थोडासा पांढरा फेस टाकतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा ओकतोय. त्या फेसाकडे नीट बघावं. त्यात अन्न नसतं, पिवळं पित्त नसतं. श्वासनलिकेतला चिकट स्राव आणि लाळ, एवढंच असतं.

खरंच काही अडकलं असेल तर चित्र निराळं दिसतं. सुरुवात एका क्षणात होते, बहुतेक वेळा काहीतरी चघळताना. कुत्रा पंजाने तोंड खरवडतो, लाळेच्या तारा लोंबतात, गिळायचा प्रयत्न पुन्हापुन्हा होतो आणि फसतो. अशा वेळी दिसत नसताना बोट घालून चाचपू नये, वस्तू आणखी आत सरकते. स्पष्ट दिसत असेल आणि सहज धरता येत असेल तरच काढावी, नाहीतर तसंच उचलून दवाखान्यात न्यावं.

आणखी एक गोष्ट खोकल्याच्या नावाखाली दडते आणि तिथे उशीर झाला तर कुत्रा हातचा जातो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. कुत्रा सारखा उमाळे काढतो, पण बाहेर फेसापलीकडे काही येत नाही. पोट बरगड्यांमागे ताठ झालेलं असतं, एका जागी बसवत नाही. याला ‘सकाळी बघू’ चालत नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं.

आणि एक अगदी निरुपद्रवी प्रकार आहे, उलटी शिंक. त्यात हवा बाहेर जाण्याऐवजी नाकातून आत ओढली जाते, घोरल्यासारखा आवाज येतो, कुत्रा ताठ उभा राहतो आणि अर्ध्या-एक मिनिटात काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवतो. घशावरून हलका हात फिरवला की तो गिळतो आणि बहुधा तिथेच थांबतं. लहान जातींत हे वरचेवर दिसतं. पण शब्दांत सांगताना उलटी शिंक, खोकला आणि उमाळा यांची हमखास सरमिसळ होते. म्हणून पहिलं काम मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ काढायचं. दवाखान्याच्या टेबलावर चढलं की बहुतेक कुत्री खोकत नाहीत. डॉक्टरांना त्या तीस सेकंदांतून जे कळतं ते आपल्या दहा मिनिटांच्या वर्णनातून कळत नाही.

*

खोकला हा काही आजार नव्हे, पण तो कुणाला झालाय यावरून बरंच काही ओळखता येतं. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू खोकतंय आणि त्याचं पोट डेऱ्यासारखं आहे, तर आधी जंतांचा विचार करावा. गोल जंतांच्या अळ्या आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसांतून प्रवास करतात, तिथून वर येऊन गिळल्या जातात, आणि या वाटेवर खोकला येतो. पिल्लू खोकतंय, लस झालेली नाही, डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, ताप आणि जोडीला जुलाब असतील तर डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी. पुढे पंजांच्या गाद्या टणक होतात, जबड्याला झटके येऊ लागतात. तिथे घरच्या उपायांत घालवलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

धडधाकट तरुण कुत्रा आहे, खातोय, खेळतोय, पण गेल्या आठवड्यात बोर्डिंगमध्ये, ग्रूमिंगला किंवा बागेतल्या टोळक्यात होता आणि आता कोरडा ठसका लागलाय, तर तो बहुधा केनेल कफ. त्याचं पुढे सविस्तर येतंच आहे.

पॉमेरेनियनची गोष्ट वेगळी. आपल्याकडे दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एखादा ‘पॉम’ असतो आणि वयाच्या पाच-सहा वर्षांनंतर तो पाहुणे आले की, पट्टा ताणला गेला की, पाणी प्यायलं की खोकतोच. श्वासनलिका इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या कूर्चांच्या कड्यांनी उघडी राहते. या छोट्या जातींत ती कडी हळूहळू मऊ पडून चपटी होतात. हे पूर्ण बरं होत नाही, आटोक्यात मात्र ठेवता येतं, आणि आटोक्यात ठेवणारी गोष्ट औषधापेक्षा बऱ्याचदा वजनाचा काटा असते. चार किलोच्या कुत्र्यावर एक किलो चरबी म्हणजे पाव हिस्सा जास्त. सकाळच्या चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं आणि आजोबांच्या ताटातला चपातीचा तुकडा, हिशोब इथेच लागतो. याला सबंध आयुष्यात गळपट्टा लावायचा नाही, छातीला बसणारा हार्नेसच. झटका आला तर मान चोळू नये. गारव्याच्या खोलीत न्यावं, पंखा लावावा, छातीखाली हात धरून सगळ्यांनी गप्प बसावं. घाबरलेल्या माणसांचा गलका झाला की झटका लांबतो.

दहा वर्षांचा छोट्या जातीचा कुत्रा रात्री, झोपेतून उठून खोकतो, जिना चढताना मध्येच थांबतो: हृदयाची झडप गळत असण्याची शक्यता. डोबरमन किंवा ग्रेट डेन असेल तर हृदयाचा स्नायूच कमजोर होण्याचा आजार. म्हातारा लॅब्रॅडॉर खोकतोय आणि त्याचं भुंकणं घोगरं झालंय, धापा घोरल्यासारख्या वाजतायत, तर स्वरयंत्राचा लकवा. यातल्या कशालाही घरात बसून नाव देता येत नाही, एक्स-रे आणि स्टेथोस्कोप लागतोच. पण काय विचारायचं हे माहीत असलं की दवाखान्यातला अर्धा वेळ वाचतो.

*

केनेल कफ हे एका जंतूचं काम नाही. पॅराइन्फ्लुएंझा, अडिनोव्हायरस-२, श्वसनमार्गाचा कोरोना विषाणू असे काही विषाणू आणि बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा जिवाणू, कधी एकटे तर कधी मिळून, घसा आणि श्वासनलिका धरतात. बॉर्डेटेला हा माणसाच्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा चुलतभाऊ. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सापडला तेव्हा हाच डिस्टेंपरचा जंतू, असा काही संशोधकांचा पक्का समज झाला होता. प्रत्यक्षात डिस्टेंपर विषाणूने होतो हे फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ सालीच दाखवलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला बराच काळ गेला.

हा जिवाणू श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांना चिकटतो आणि त्यांची हालचाल बंद पाडतो. धूळ आणि कफ वर ढकलायचं काम हे केस करतात. ते ठप्प झालं की कफ साचतो, नलिका सुजते आणि साध्या थंड हवेनेही ठसका लागतो. जंतू हटल्यावरही ते अस्तर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून संसर्ग झाल्यापासून तीन ते दहा दिवसांत सुरू झालेला खोकला एक ते तीन आठवडे चालतो, औषध द्या किंवा न द्या. ‘पाच दिवस झाले, अजून खोकतोय, डॉक्टर बदलू या’ ही घाई याच ठिकाणी होते. पाचव्या दिवशी खोकला असणारच. बघायचं ते हे, की तो खातोय का, झोपतोय का आणि कालच्यापेक्षा आज उबळी कमी आहेत का.

या आठवड्यांत माणसाकडून हवी असते ती शांतता. उड्या, चेंडू, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद. फिरणं म्हणजे पाच-दहा मिनिटं शी-शूपुरतं, उन्हाआधी किंवा उन्हानंतर. गळपट्टा पहिल्याच दिवशी काढून खुंटीला लावायचा. श्वासनलिका बाहेरून बोटाने हलकी दाबली तरी उबळ येते, मग पट्ट्याच्या हिसक्याने काय होत असेल याचा अंदाज करावा. हार्नेस घेताना पुढची पट्टी छातीच्या हाडावर बसते की गळ्यावर सरकते ते बघावं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हार्नेसांपैकी कितीतरी ओढ बसताच गळ्यावरच चढतात आणि मग तो गळपट्टाच होतो.

घरातल्या हवेकडे आपलं लक्ष जात नाही, कारण आपल्याला तिची सवय असते. कुत्र्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं आणि डासांची कॉइल जमिनीवरच जळत असते. एका कॉइलच्या धुरात पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात असं २००३ साली झालेल्या एका मोजणीत आढळलं होतं. ती उचलून मच्छरदाणी लावावी. उदबत्ती, धूप, संध्याकाळची धुरी, लाल मिरचीची फोडणी, नव्या रंगाचा वास आणि फरशीवरचं फिनाइल, सगळ्याने ठसका वाढतो. देवापुढे निरांजन लावा, उदबत्ती पंधरा दिवस बाजूला राहिली तर देव रागावणार नाही.

वाफेबद्दल थोडं सावध बोलायला हवं. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर किंवा नळ सोडायचा, आरसा धुरकट होईपर्यंत, मग कुत्र्याला घेऊन दहा मिनिटं आत स्टुलावर बसायचं. दिवसातून दोनदा. कफ सैल होतो आणि काही कुत्र्यांना आराम पडतो. पण पग, बुलडॉग, श्वासनलिका चपटी झालेला पॉम किंवा हृदयरोगी यांना कोंदट गरम हवेत उलट धाप लागते. त्यांना हे करू नये. भांड्यात उकळतं पाणी घेऊन त्यावर कुत्र्याचं तोंड धरणं आणि वर टॉवेल टाकणं हा माणसाचा प्रकार. त्यात तो बिथरतो आणि दोघंही भाजतात. आणि जुलैत रत्नागिरीत राहणाऱ्याने वाफ देऊन फारसं काही साधत नाही, हवाच ओली असते. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा जानेवारीतल्या पुण्यात तिचा उपयोग आहे.

नेब्युलायझर घरात असेल तर तो वाफेपेक्षा बरा. त्यात फक्त ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन, तीन ते पाच मिली, दहा-पंधरा मिनिटं. मास्क तोंडावर दाबून बसवायची गरज नाही, नाकापुढे दोन-तीन बोटांवर धरला तरी चालतो. मशिनच्या आवाजाला कुत्री घाबरतात, म्हणून पहिल्या दिवशी मशिन नुसतंच शेजारी चालू ठेवून खाऊ द्यावा. घरातल्या दमेकऱ्याची औषधं त्यात घालायची नाहीत. साल्ब्युटामॉल जास्त झालं तर कुत्र्याच्या छातीची धडधड भलतीच वाढते आणि पोटॅशियम घसरतं. हाच धोका कुत्र्याने इन्हेलर चावला तर असतो, तेव्हा तो टीपॉयवर ठेवू नये.

*

आता स्वयंपाकघराकडे वळू या, कारण खरं नुकसान बहुतेक तिथूनच होतं. मराठी घरात खोकला म्हटलं की हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. माणसाला जे चाललं ते कुत्र्याला चालेलच असं नाही, आणि काही वेळा अगदी उलट होतं.

कांद्याचा रस आणि मध हा आपला जुना उपाय. कांदा, लसूण, पात, सगळ्यातली गंधकयुक्त रसायनं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसतो. पाच किलोच्या पॉमला पंचाहत्तर ग्रॅम म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. शिजवल्याने विष जात नाही, वाळवून पूड केली तर उलट एकवटतं. आणि परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, तोवर कांद्याचा रस कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

काळ्या मनुका भिजवून देणं हा दुसरा. द्राक्षं आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला चार-पाच दाणे भोवतात. टार्टरिक आम्लावर अलीकडे संशय आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचं सारही नको. ज्येष्ठमधाची काडी चघळायला देणारी मंडळी असतात: त्यातलं ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. ज्याचा खोकला मुळात हृदयामुळे आहे त्याला हे नेमकं नको असतं. अडुळसा हे खरं औषध आहे, ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या वासिसिनवरूनच बेतलं गेलं. पण कुत्र्यासाठी त्याची मात्रा ठरलेली नाही आणि बाटलीतल्या सिरपमध्ये अडुळशाबरोबर बाकी काय आहे ते बारीक अक्षरांत असतं. हळदीच्या दुधाने विषबाधा होत नाही, जुलाब मात्र होतात, कारण पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना दूध सहसा पचत नाही. बाम, कापूर आणि निलगिरीचं तेल छातीला चोळलं तर कुत्रा ते चाटणार, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

मध चालतो. पाच किलोपर्यंतच्या कुत्र्याला पाव चहाचा चमचा, पंधरा-वीस किलोच्याला अर्धा, त्याहून मोठ्याला एक, दिवसातून दोनदा, कोमट पाण्यात किंवा नुसता. घसा थोडा मऊ पडतो, एवढाच त्याचा दावा. वर्षाच्या आतल्या पिल्लाला आणि मधुमेही कुत्र्याला तो द्यायचा नाही.

माणसाच्या औषधांचा डबा तर उघडूच नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला रक्तस्रावी व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ साली भारतात बंद झालं ते गिधाडांमुळे, पण त्याची गोळी कुत्र्यालाही मानवत नाही. सर्दीच्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन आणि कधी कॅफिन एकत्र असतं. यातलं प्रत्येक वेगळा त्रास देऊ शकतं. बिनसाखरेच्या सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असेल तर तासाभरात रक्तातली साखर कोसळते. आणि कफ सुटत असलेला ओला खोकला कुठल्याही औषधाने दाबणं चूकच आहे, तो कफ मग खाली फुप्फुसांत साचतो. कोरड्या, झोप मोडणाऱ्या खोकल्याला डॉक्टर दाबणारं औषध देतात, पण ते छाती ऐकून ठरवतात.

काढ्याहून घातक ठरते ती पाजायची पद्धत. डोकं वर करून, जबडा धरून, वाटीने ओतणं. कुत्रा खोकत असताना असं ओतलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि साध्या घशाच्या दुखण्याचा न्यूमोनिया होतो. पातळ औषध द्यायचं ते बिनसुईच्या सिरिंजने, कुत्र्याची मान जमिनीला समांतर ठेवून, ओठाच्या कोपऱ्यातून गाल आणि दाढा यांच्या मधल्या खोबणीत, एका वेळी अर्धा-एक मिली. तो गिळेपर्यंत थांबायचं. गिळताना जीभ नाकाला लागते, ते दिसलं की पुढचा थेंब. खोकला आला तर लगेच सोडून द्यायचं.

खाण्यात मोठे बदल नकोत. कोरडं डॉगफूड असेल तर गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कोमट द्यावं, कोरडा चुरा घशाला खाजवतो. सर्दीने वास कळत नसेल तर कोमट अन्नाचा वास उठतो आणि कुत्रा ताटाकडे वळतो. चिकनचं पाणी देता येतं, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण आणि तयार सूप क्यूब नको. पाणी सतत समोर हवं. हृदयाच्या औषधावर असलेला कुत्रा जास्त पितो आणि जास्त मुततो. गादी ओली होते म्हणून रात्री भांडं उचलून ठेवणारी घरं आहेत, ते करू नये.

*

अँटिबायोटिकबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण पहिल्या खोकल्याला गेल्या वेळची उरलेली अझिथ्रोमायसिन देतात, काही जण डॉक्टरांनी दिलेली तिसऱ्या दिवशी थांबवतात. २०१७ साली पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यांत असं आहे की कुत्रा हुशार असेल, ताप नसेल, तर साधारण दहा दिवस नुसतं लक्ष ठेवावं. ताप, मरगळ किंवा अन्नावरची वासना गेलेली असेल आणि जोडीला नाकातून पुवासारखा स्राव असेल तर औषधाचा विचार करावा. तेव्हा बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, सात ते दहा दिवस. म्हणजे ‘काही औषध दिलंच नाही’ म्हणून ज्यांच्यावर आपण रागावतो ते डॉक्टर बऱ्याचदा बरोबर असतात. डॉक्सिसायक्लिन कोरड्या घशाने देऊ नये, गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते. थोडं खाणं, मग गोळी, मग वर सिरिंजने पाच मिली पाणी. कॅल्शियमचं टॉनिक आपल्याकडे प्रत्येक कुत्र्याला चालू असतंच, ते आणि ही गोळी यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

*

घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यांत उपयोगी गोष्ट फुकट आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजायचे. तो गाढ झोपलेला हवा, धापत नसावा, स्वप्नात पाय हलवत नसावा. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची. निरोगी कुत्र्याचा आकडा बहुधा पंधरा ते तीसच्या आत असतो. तीन रात्री मोजून वहीत लिहून ठेवला की त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा कळतो, आणि पुढे तोच उपयोगी पडतो. नेहमी अठरा असणारा एकदम अठ्ठावीसवर गेला तर तीसच्या आत असूनही दवाखान्यात फोन करण्यासारखं आहे. झोपेत सतत तीसच्या वर म्हणजे त्याच दिवशी दाखवणं, चाळीसच्या वर म्हणजे त्याच तासाला. हृदयरोगी कुत्र्यात खोकला आणि फुप्फुसात पाणी या गोष्टी नेहमी जोडीने येत नाहीत. फुगलेलं हृदय शेजारची श्वासनळी दाबतं म्हणून नुसता खोकला असू शकतो. पाणी भरू लागल्याची खबर श्वासांच्या आकड्यातून आधी मिळते.

ताप हाताने कळत नाही. कुत्र्याचं अंग आपल्याला नेहमीच गरम लागतं आणि ओलं-कोरडं नाक हे काही मोजमाप नाही. वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, टोकाला खोबरेल तेल लावावं, शेपटीखाली गुदद्वारात दोन सेंटिमीटर, बीप होईपर्यंत. एकजण पुढून मान आणि छाती धरून बोलत राहिला की काम सोपं होतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नॉर्मल, म्हणजे आपला ताप. १०३ च्या वर गेलं की खोकला घरगुती राहिला नाही असं समजावं.

तिसरं, वरचा ओठ उचलून हिरडी बघणं. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा भरून यावा. ज्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या आहेत त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. निळसर, राखाडी किंवा पांढुरकी दिसली, कुत्रा कोपरं बाहेर काढून मान ताणून बसलाय, आडवा व्हायला तयार नाही, श्वासागणिक पोट आत ओढलं जातंय, खोकून खोकून कोसळला किंवा फेसात रक्त दिसलं, तर पुढचं वाचत बसू नये. गाडीत खिडक्या उघड्या किंवा एसी चालू, कुत्र्याला त्याला हवं तसं बसू द्यायचं, कुशीत आवळायचं नाही. रात्री उघडा असलेला दवाखाना कुठला हे खोकल्याच्या पहिल्या दिवशीच शोधून, फोन करून खात्री करून फ्रिजवर लिहून ठेवावं. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. त्यांच्या वेळाही आधीच विचारून ठेवाव्यात.

*

कुत्रा बरा दिसू लागला की लगेच बागेत न्यायचा मोह होतो. खोकला थांबल्यावर निदान दोन आठवडे दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवावं, कारण तो स्वतः ठणठणीत दिसत असताना बॉर्डेटेला आठवडेच्या आठवडे बाहेर टाकत राहतो. सोसायटीची लिफ्ट, बागेतलं सगळ्यांचं पाण्याचं भांडं, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी गेटपाशी ठेवलेली कुंडी, पसरायला एवढं पुरतं. रस्त्यावरच्यांना लसही नसते आणि थर्मामीटर लावणारंही कुणी नसतं, तेव्हा ही काळजी त्यांच्यासाठी जास्त. घरातली भांडी साबणाने धुऊन लिटरभर पाण्यात तीस मिली साधं ब्लीच घालून त्यात दहा मिनिटं बुडवावीत, मग खळखळून धुवावीत. ब्लीच आणि फिनाइल किंवा ॲसिड कधी एकत्र करू नये. घरात मांजर असेल तर तिलाही हा जंतू लागू शकतो. माणसांना सहसा काही होत नाही, मात्र केमोथेरपी चालू असलेली किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली व्यक्ती घरात असेल तर खोकणाऱ्या कुत्र्याला त्यांच्या पलंगावर घेऊ नये.

‘पण याला तर नाइन-इन-वन दिलंय’ हे दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य. त्या लशीत डिस्टेंपर, पॅराइन्फ्लुएंझा, अडिनोव्हायरस येतात, बॉर्डेटेला येत नाही. त्याची केनेल कफची लस वेगळी घ्यावी लागते, दरवर्षी. तीही खोकला शंभर टक्के अडवत नाही, आला तर सौम्य येतो. इंजेक्शनची असेल तर पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. नाकात थेंब टाकायची लस तीन-चार दिवसांत काम करू लागते, पण नंतर काही दिवस शिंका आणि हलका खोकला येऊ शकतो. ती जिवंत जंतूंची असते, म्हणून कुत्रा अँटिबायोटिकवर असेल तर तसं आधी सांगावं, नाहीतर लस वाया जाते. दिवाळीत गावी जायचं आणि कुत्रा बोर्डिंगला ठेवायचा असेल तर ती निघायच्या आदल्या दिवशी घेण्यात अर्थ नाही. नाकातली असेल तर नवरात्रात घ्यावी, इंजेक्शनची असेल तर पहिला डोस गणपतीच्या सुमारास.